एकेरी नोंदीचा संसार

हल्ली जो उठतो तो आम्हाला समतोल साधायला सांगतो. आहारात समतोल साधा, खर्चात समतोल साधा, डोकं आणि हृदय यांच्यात समतोल साधा. या उपदेशाला अलीकडे एक नवा फाटा फुटलाय : 'घरून काम करताना नोकरी आणि मुलं यांचा समतोल कसा साधावा?' महिला दिनाला यावर व्याख्यान असतं. शाळेच्या पालक मेळाव्यात यावर पाच मुद्दे सांगतात. मुद्दे ठरलेले. पहाटे लवकर उठा. कामांची यादी करा. मुलांना विश्वासात घ्या. मधूनमधून दीर्घ श्वास घ्या. आणि स्वतःसाठी वेळ काढा. हा वेळ कुठल्या खात्यातून काढायचा, ते मात्र सांगत नाहीत. खात्यात शिल्लक नसताना 'काढा, काढा' म्हणणाऱ्या माणसाला आम्ही बँकेत मॅनेजरच्या केबिनमध्ये पाठवतो. इथे त्याला शाल आणि श्रीफळ देतात.

आणखी एक गंमत पाहा. हे सारं समोर बसलेल्या आयांना सांगायचं असतं. 'मातांनो, समतोल साधा!' 'बापहो, समतोल साधा!' असं म्हणणारा वक्ता मी अजून ऐकलेला नाही. बाप मंडळी त्या वेळी हॉलच्या बाहेर मोटारसायकलला टेकून उसाच्या भावावर बोलत असतात. त्यांचा तोल उत्तम असतो.

माझा या समतोल शब्दालाच आक्षेप आहे. विचारवंत म्हणून नाही; कारकून म्हणून आहे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं, की १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका साधूने गणितावर जाडजूड ग्रंथ छापला आणि त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत लिहून ठेवली. प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी. एकीकडे नावे, एकीकडे जमा. दोन्ही बाजू लिहिल्या की तेरीज जुळते, आणि जुळली तरच ताळेबंद. (पाचोली संन्यासी होता, त्याला शाळेत जाणारी मुलं नव्हती. म्हणूनच त्याला एवढा ग्रंथ लिहायला फुरसत मिळाली असावी.) पाचशे वर्षांहून अधिक काळ जगाचा व्यापार या एका नियमावर चाललाय : एकच बाजू लिहाल तर समतोल निघणारच नाही. दीर्घ श्वास घ्या नाहीतर पहाटे तीनला उठा.

घरून काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत नेमकं हेच होतंय. तिच्या दिवसाची एकच बाजू लिहिली जाते. दुसरी बाजू कोणी लिहीतच नाही. आणि मग सगळे मिळून तिला विचारतात, 'तुमचा समतोल का हो जुळत नाही?'

आमच्या राहुरीतलंच सांगतो. राहुरी म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गाव, उसाचं गाव, मुळा धरणाच्या पाण्याचं गाव. जिल्ह्याचं नाव २०२४ साली कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण एस.टी.त बसणारा अजून 'एक नगर द्या' म्हणतो. इथे संगणक शिकलेल्या, कॉमर्स शिकलेल्या मुली सुना म्हणून आल्या की त्यांच्या पदव्या हॉलमध्ये टांगायच्या आणि त्यांना स्वयंपाकघरात पाठवायचं, अशी रीत होती. नोकरी पुण्याला, म्हणजे दीडेकशे किलोमीटरवर. नगरपर्यंतच्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. तो रस्ता स्वतःच पुरेसा बोलतो.

मग २०२० साल आलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून टाळेबंदी. बँका अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे मी तोंडाला फडकं बांधून काउंटरवर हजर. त्या एप्रिलपासून जनधन खात्यांवर बायकांचे दरमहा पाचशे रुपये तीन महिने जमा झाले, ती रांग मी पाहिली आहे. बाकी जग घरी बसून काम करायला लागलं. पुण्याच्या कंपन्यांना अचानक शोध लागला, की हिशेब तपासायला माणूस पुण्यातच असावा लागत नाही. असा शोध १९७३ मध्येच जॅक निलेस या अमेरिकन गृहस्थांनी लावून त्याला नावही दिलं होतं. पण शोध लागणं वेगळं आणि पगार वाटणाऱ्याला तो पटणं वेगळं. तर २०२१ मध्ये आमच्या हिला पुण्यातल्या एका कंपनीत काम मिळालं. राहुरीत बसून पुण्याचा पगार! भिंतीवरची पदवी खाली उतरली. मी पेढे वाटले. इथपर्यंत सगळं झकास.

घोटाळा झाला तो मराठी भाषेने. 'घरी बसून काम' या तीन शब्दांतले पहिले दोनच लोकांना ऐकू येतात. आपल्या भाषेत 'घरी बसणे' म्हणजे काहीच न करणे. एखाद्याला 'घरी बसवला' म्हणजे त्याची नोकरी गेली. त्यामुळे ही लॅपटॉप उघडून बसली, की आळीचा समज असा होतो, की बाई घरी बसल्या आहेत. गॅसवाला हिच्याकडे शेजाऱ्यांचं सिलिंडर ठेवतो. कुरिअरवाला चार घरांची पार्सलं हिच्या दारात टाकतो. शाळेतून फोन येतो, "आई घरीच असतात ना? मग जरा येऊन जा." एक लांबच्या आत्याबाई दर पंधरवड्याला दुपारी येतात. मीटिंग चालू असली तर पडद्यावरच्या माणसांना नमस्कार करतात आणि हिला विचारतात, "हे सगळे पण घरीच असतात का गं? बिचारे!"

मी काउंटरवर असताना असं कोणी करत नाही. माझ्यासमोर काच आहे. काचेवर वेळा लिहिल्या आहेत. जेवणाची सुट्टी झाली की मी पाटी लावतो. माझ्या सहा-सात तासांत 'बाबा, माझी निळी पेन्सिल कुठंय?' असं विचारत आतापर्यंत कोणीही बँकेत आलेलं नाही. मुलांना पक्कं माहीत आहे, की बाबा कामावर गेले म्हणजे जगातून गेले. आई मात्र कामावर असूनही जगात असते. हिच्या कामाला काचच नाही.

आता मुलांचं वेळापत्रक ऐका. चिरंजीव सहावीत, त्यांची शाळा सकाळी सातला. कन्या तिसरीत. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत, असा नियम सरकारने २०२४ मध्ये केला. मुलांची झोप व्हावी म्हणून. नियम चांगला आहे. फक्त मुलांच्या आईला झोप असते की नाही, हे त्या खात्याच्या अखत्यारीत येत नसावं. म्हणजे सहाला पहिला डबा, आठला दुसरा डबा, साडेनऊला पुण्याची मीटिंग. साडेबाराला चिरंजीव परत. ते भूक घेऊन येतात. दीडला परदेशी ग्राहकाचा हिशेब. तीनला कन्येची रिक्षा कोपऱ्यावर. चारला पुन्हा मीटिंग. तिच्यात हिचा आवाज बंद ठेवलेला असतो, कारण मागे लघुत्तम साधारण विभाज्य काढण्याची लढाई चालू असते. साडेपाचला कन्येला आठवतं, की उद्या शाळेत थर्माकोलचं मुळा धरण न्यायचंय.

हे थर्माकोलचं धरण आमच्या घरी एका वर्षी खरंच झालं. खऱ्या धरणात २६ टीएमसी पाणी मावतं. चिरंजिवांच्या धरणात एक तांब्या मावला, आणि तो फुटून कंपनीच्या लॅपटॉपच्या दोन बोटं अलीकडे येऊन थांबला. ही त्या वेळी पडद्यावर कोणाला तरी 'हो, हो, आकडे जुळतात' असं सांगत होती. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी एवढंच म्हणालो, "खऱ्या धरणाला अकरा दरवाजे आहेत. पाणी वाढलं की उघडतात." ही म्हणाली, "अहो, म्हणूनच ते फुटत नाही. मला एक तरी दरवाजा ठेवलाय का कोणी?" याला उत्तर नव्हतं. धरणाच्या अभियंत्यांना जे १९६०-७० च्या दशकांत सुचलं, ते घराच्या अभियंत्यांना अजून सुचायचंय.

१० मार्च २०१७ रोजी दक्षिण कोरियातल्या एका प्राध्यापकाची, रॉबर्ट केली यांची, बीबीसीवर घरूनच मुलाखत चालू होती. मागून दार उघडून त्यांची छोटी मुलगी नाचत आत आली, तिच्यामागे चाकांच्या खुर्चीत बाळ आलं, आणि त्यांच्यामागे त्यांची आई धावत, घसरत आली आणि दोघांना ओढत घेऊन गेली. अख्खं जग हसलं. मीही हसलो, प्रसंग होताच तसा. पण लोकांनी त्या बाईला पटकन आया समजून टाकलं. आणि प्राध्यापक महाशय शेवटपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत. आता हाच प्रसंग उलटा करून पाहा. कॅमेऱ्यासमोर बाई आहे आणि मागून मुलं आली. कोण धावत, घसरत येऊन त्यांना ओढून नेईल? कोणीच नाही. तीच बाई मुलाखत सोडून उठेल. आणि लोक म्हणतील, 'बघा, हिला समतोल साधता येत नाही.'

काही जण म्हणतात, हे शहरी चोचले आहेत, घरून काम म्हणजे लॅपटॉपवाल्यांचं दुखणं. मुळीच नाही. आमच्या नगरला आणि संगमनेर-सिन्नरकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जरदा, शेजारी पाटी घेऊन बसलेलं पोर. मजुरी हजार विड्यांमागे. मुंबईत १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा पुढे लिज्जत झाला. आजही तिथल्या भगिनी मळलेलं पीठ घरी नेतात आणि पापड लाटून आणून देतात. म्हणजे घरून काम हा महाराष्ट्राचा जुना धंदा आहे. फरक इतकाच, की विडीवालीला कोणी समतोलावर व्याख्यान दिलं नाही. विड्या मोजल्या, पैसे दिले. पोर कोणी मोजलं नाही.

आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. तिथे मजूर मोजण्याचं एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. उचल द्यायची ती कोयत्याला. काम दोघांचं, नोंद एक. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत नेते, आणि पोरं फडाच्या कडेला. मी कॉमर्सचा माणूस. पण दोन माणसांची एक नोंद करणारी ही पद्धत मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. ती फडात सापडते. आणि खोटं कशाला बोला, आमच्यासारख्यांच्या फ्लॅटातही सापडते. तिथे फक्त कोयता दिसत नाही.

माझं ऐकू नका, सरकारचं ऐका. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची पाहणी केंद्र सरकारने २०१९ मध्ये केली. घरकामाला हात लावणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बाईची २८९, पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद करावा, तर पुरुषानेही लगेच आपली नऊ मिनिटं काढून घेतली! अशी चपळाई ते इतर कामात का दाखवत नाहीत? आणि लक्षात घ्या, ही सरासरी हात लावणाऱ्या पुरुषांची आहे. ज्यांनी हातच लावला नाही, ते महापुरुष या आकड्यात नाहीतच.

हात लावणाऱ्याचं तरी कौतुक किती! आमच्या घरी सकाळचे दोन्ही डबे आणि संध्याकाळचं गणित माझ्याकडे आहे. ही बातमी फुटल्यापासून आळीत माझा सत्कार व्हायचा तेवढा बाकी आहे. "नशीबवान आहेस हो," असं बायका हिला सांगतात. बारा वर्षं हिने डबे भरले, तेव्हा मला कोणी नशीबवान म्हणालं नाही. मी चाळीस मिनिटं काम केलं तर ती मदत. ही दिवसभर करते ते कर्तव्य. खात्याचं नाव बदललं की रक्कम बदलते, हे हिशेबनीसाला माहीत असतं. त्यालाच तर लबाडी म्हणतात.

कायदा काय म्हणतो? २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला बघू द्यावं. चार वेळा! आमच्या घरी चाळीस होतात. ते असो. पण चारही खेपा आईच्या. बापाच्या किती? शून्य. त्याच दुरुस्तीत म्हटलं, की बाळंतपणाच्या रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करू द्यावं. आता मराठीत 'परस्पर' शब्दाला दोन अर्थ. एक, दोघांनी मिळून. दुसरा, दुसऱ्याला न विचारता. कुठला अर्थ चालतो, ते वाचकांना सांगायला नको. आणि बाळ शाळेत जायला लागलं, की कायद्याच्या दृष्टीने ते बहुधा स्वतःच स्वतःचा डबा करून घेतं.

राज्य सरकारने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. फार चांगलं केलं. ही रजा पुरुषालाही मिळते. पण कधी? त्याची बायको हयात नसेल, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. म्हणजे धडधाकट बायको असलेल्या बापाला मूल सांभाळायचं काही कारण असू शकतं, हे शासनाच्या कल्पनेत बसतच नाही. पोराला ताप आला म्हणून साहेबाकडे रजा मागायची, तर आधी बायकोची तब्येत विचारली जायची. मी हा निर्णय वाचून दाखवला तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सुट्टी मिळावी म्हणून मी मरू का आता?"

टाळेबंदीची गोष्टही अशीच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्यासारख्या भागात पाचवीच्या पुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला भरले, पहिली ते चौथीचे त्याच वर्षी १ डिसेंबरला. जानेवारीत पुन्हा बंद, पुन्हा चालू. एवढे दिवस मास्तर कोण होतं? सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' चांगलं लागायचं; पण ते बघायला मुलाला बसवायचं कोणी, उठवायचं कोणी, आणि 'समजलं का?' विचारायचं कोणी? घरात फोन एक, तास दोघांचे, आणि रेंज गच्चीवर. शाळा उघडल्यावर गुरुजींचे सत्कार झाले. व्हायलाच हवे होते. आयांना मात्र त्या तात्पुरत्या नेमणुकीतून अजून कार्यमुक्त केलेलं नाही. शाळेचा ग्रुप रात्री नऊला वाजतो : 'पालकांनी गृहपाठ करून घ्यावा.' पालक हा शब्द मराठीत पुल्लिंगी आहे. कामापुरता तो स्त्रीलिंगी होतो.

या सगळ्यावर दोन आक्षेप येतात. पहिला जुन्या मंडळींचा : "आम्ही नाही का सात-सात पोरं वाढवली?" वाढवली ना! पण वाड्यात आजी होती, चुलत्या होत्या, एक रिकामा काका होता. पोर एका ओसरीवर पडलं तर दुसऱ्या ओसरीवरून कोणी उचलत होतं. आणि त्या काळी एका चौकोनात हिरवा ठिपका दिसला नाही म्हणून पुण्याहून कोणी 'आहात का?' विचारत नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे : "जमत नाही तर घरून काम घेताच कशाला? ऑफिसात जा, नाहीतर सोडा." हा सल्ला देणारा बहुतेक पुण्यात राहतो. राहुरीसारख्या गावात घरून काम ही चैन नाही. ते एकच दार आहे. ते बंद झालं तर शिकलेली बाई पुन्हा भिंतीवरच्या चौकटीत जाईल. म्हणून मी घरून कामाच्या विरुद्ध नाही. उलट त्याच्या बाजूने भांडतोय. दार चांगलं आहे. पण एका दारातून एकाच बाईने दोन नोकऱ्या आत आणायच्या, हे वाईट आहे.

कंपन्या म्हणतात, आम्ही लवचिकता देतो. लवचिकता मला माहीत आहे. आमच्याकडे नोटांच्या बंडलांना रबर लावतात. ते एकाच बाजूने ताणत राहिलं तर काय होतं, हे प्रत्येक कॅशियरच्या बोटाला ठाऊक आहे.

हिच्या कंपनीतून या वर्षी कामाचा वार्षिक शेरा आला. काम उत्तम. आकडे बिनचूक. पण शेवटी एक ओळ : 'दुपारी ३ ते ३.२० उपलब्ध नसतात.' बरोबर आहे. त्या वीस मिनिटांत ही कोपऱ्यावर रिक्षापाशी असते. रात्री दहा ते साडेअकरा ही आकडे जुळवत बसते, त्याबद्दल शेऱ्यात अवाक्षर नाही. एकेरी नोंद! त्या रात्री हिने राजीनामा लिहिला. लिहिला आणि पाठवला नाही. तसाच ठेवून दिला. घर गप्प झालं. कन्येने विचारलं, "आई, मी एकटी येऊ का कोपऱ्यावरून?" तिसरीतल्या पोरीला आपण आपल्या आईच्या शेऱ्यातली उणी बाजू आहोत असं वाटावं, हा कुठल्या समतोलाचा नमुना?

सकाळी हिने राजीनाम्याऐवजी एक तक्ता पाठवला. महिनाभराचा. डावीकडे कंपनीने मोजलेला न दिलेला वेळ : रोज वीस मिनिटं. उजवीकडे न मोजता दिलेला वेळ : रोज दीड तास. खाली फरक काढून लाल शाईत 'येणे'. द्विनोंदी पद्धत, पाचोली खूश! कंपनीचं उत्तर आलं : 'नोंद घेतली.' तीही एकेरीच. पण राजीनामा अजून तसाच आहे, पाठवलेला नाही, आणि तो पाठवला जाऊ नये यासाठी हा लेख.

युनियनचा जुना माणूस आहे, तेव्हा मागण्या क्रमवार मांडतो. एक : काउंटर बंद होण्याची वेळ. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोनपासून सुटका मागण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. दोन : मूल घरी येण्याची वेळ कामाच्या वेळापत्रकात उघड लिहावी, चोरून नव्हे. पोर्तुगालने २०२१ मध्ये लहान मुलांच्या आईबापांना घरून काम करण्याचा हक्कच देऊन टाकला. आईला नव्हे, आईबापांना. तीन : मूल सांभाळायची रजा बापालाही, बायको धडधाकट असताना. चार : शाळेने पहिला फोन कधीतरी बापाला लावावा. नंबर दोन्ही दिलेले असतात. आणि पाच : यापुढे समतोलावर व्याख्यान देणाऱ्याने आधी घरची दोन्ही बाजूंची खतावणी दाखवावी, मग शाल, मग श्रीफळ.

तोवर हा शब्द वापरू नये. बँकेत दिवसाची रोकड जुळल्याशिवाय कॅशियरला घरी जाता येत नाही. पाच रुपयांचा फरक असला तरी दिवे जळत राहतात आणि सगळे मिळून शोधतात. कोणी त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगत नाही. इथे पंचाईत अशी, की कॅशियर आधीच घरी आहे. त्यामुळे फरक शोधायला दुसरं कोणी थांबतच नाही.